मिजाज आणि मिजास

यंदा माझी बीसी लागली. शाळेतले सहकारी मिळून आम्ही ती चालवतो, आणि आजवर तिचे पैसे कधी अम्मीच्या मोतीबिंदूत, कधी मुलीच्या फीमध्ये, कधी छताच्या गळतीत गेले. या वेळी पहिल्यांदाच असं झालं की पैसे हातात आले आणि घरात कुठलीच आग लागलेली नव्हती. कामठी रोडवरच्या उस्तादांच्या गॅरेजमध्ये त्याच आठवड्यात दोन जुन्या गाड्या विकायला आल्या होत्या: 1994 सालची यामाहा आरएक्स 100 आणि 1992 सालची बुलेट 350. दोन्हींची किंमत जवळपास सारखी. माझी ऐपत एकीची.

घरात चार मतं पडली. बेगमचं म्हणणं, या पैशांत नवी स्कूटी येते, बटण दाबलं की सुरू होते, मुलीलाही चालवता येईल. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. त्याचं म्हणणं, अब्बू, आरएक्स. माझं मन बुलेटवर. आणि अम्मी म्हणाली, "जिसपे बैठ के सही-सलामत घर आओ, वो लो." अम्मीचं मत त्या दिवशी कोणी मोजलं नाही. महिन्याभराच्या विचारानंतर मी जिथे पोचलो ते तिच्या वाक्यापासून फार लांब नव्हतं.

हा लेख त्या महिन्याबद्दल आहे. कोणाला वाटेल, दोन जुन्या मोटरसायकलींमधून एक निवडणं हा काय लेखाचा विषय आहे? मलाही आधी तसंच वाटलं होतं.

मुलगा रात्री मोबाइलवर परदेशी मोटारींचे व्हिडिओ बघतो. त्यात दोन म्हातारे साहेब जुन्या स्पोर्ट्स कारवर तासभर वाद घालतात. एकाला 1961 ची जग्वार ई-टाइप हवी, लांबलचक बॉनेटखाली पुढे इंजिन. दुसऱ्याला पोर्शे 911, जिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे. 1963 साली ती जगाला दाखवली गेली, आणि जुन्या 911 ची एक खोड प्रसिद्ध आहे: भर वळणावर घाबरून एक्सलेटर सोडलात की मागचा भाग बाहेर फेकला जातो. ज्याला ती गाडी समजली तो तिच्यावर जीव टाकतो, ज्याला नाही समजली तो रस्त्याखाली जातो. मला त्या वादातली एक गोष्ट आवडली. दोघांपैकी कोणीही "कोणती जास्त पळते" असं विचारत नव्हता. "चालवताना ती तुमच्याशी कशी वागते" हा त्यांचा प्रश्न होता.

आमच्याकडे मोटार कुठे होती? आमच्या लहानपणी मोटार म्हणजे अँबेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी, आणि त्याही दुसऱ्याच्या दारात, नाहीतर लग्नात नवरदेवापुरत्या. अब्बांनी आयुष्यभर सायकल आणि शेवटची दहा वर्षं लूना चालवली. आमच्यासारख्यांची स्पोर्ट्स कार म्हणजे दोन चाकांचीच. त्यात म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी होती, एस्कॉर्ट्सची राजदूत होती. पण आमच्या पिढीचा खरा वाद दोनच नावांचा: आरएक्स की बुलेट.

मी भाषेचा शिक्षक. पण या गाड्यांचा स्वभाव समजून घ्यायला थोडं गणित लागतं, आणि ते आठवीच्या मुलालाही जमेल. बुलेटच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. म्हणजे पिस्टनला रुंदीपेक्षा लांब चालावं लागतं. आकारमान काढलं तर 346 घनसेंटिमीटर येतं. आरएक्सचा व्यास 50 आणि धावही 50. आकारमान 98. बुलेट फोर-स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांमध्ये एकदा ठिणगी कामाला येते. आरएक्स टू-स्ट्रोक, प्रत्येक फेरीला एकदा. म्हणून बुलेटचा आवाज वेगवेगळ्या ठोक्यांचा ऐकू येतो, कोणी सावकाश दार वाजवावं तसा, आणि आरएक्सचे ठोके एकात एक मिसळून त्यांचा सूर होतो.

ताकदीचा आकडा बघाल तर फसाल. बुलेटची ताकद साधारण 18 हॉर्सपॉवर, वजन 160 किलोच्या वर. आरएक्सची 11 हॉर्सपॉवर, वजन शंभराच्या थोडं वर. भागाकार करून बघा, दर किलोमागे ताकद जवळजवळ सारखीच येते. फरक ती ताकद कधी आणि कशी हाती येते त्यात आहे. बुलेट खालच्या फेऱ्यांतच ओढायला लागते. तिसऱ्या गिअरमध्ये बैलगाडीच्या मागे चालवा, कुरकुर करणार नाही. आरएक्सची पूर्ण ताकद मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांवर. खाली ती शांत, जवळजवळ लाजाळू असते. आणि मग मनगट अजून थोडं फिरलं की एकदम पायाखालची जमीन सरकते.

उस्तादांनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं. हातातलं फडकं खांद्यावर टाकत ते म्हणाले, "मास्टर, ये सुनती है, वो सुनाती है." म्हणजे आरएक्स ऐकते, आणि बुलेट ऐकवते.

इथे मला माझ्या धंद्यातला एक शब्द आठवला. उर्दूत आपण विचारतो, मिजाज कैसे हैं? मिजाज हा अरबी शब्द, आणि त्याच्या मुळाचा अर्थ मिसळणं. युनानी हकीम मानत की माणसाच्या अंगात चार रस मिसळलेले असतात, आणि त्या मिश्रणाच्या प्रमाणावर त्याची तबियत ठरते. म्हणून मिजाज म्हणजे स्वभाव. कार्बोरेटर तरी दुसरं काय करतो? हवा आणि पेट्रोल कोणत्या प्रमाणात मिसळायचं, एवढंच. उस्ताद छोटासा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवत कान लावून ऐकतात, तेव्हा ते गाडीचा मिजाजच दुरुस्त करत असतात.

हाच शब्द मराठीत आला आणि त्याचं मिजास झालं. मिजास म्हणजे तोरा, ऐट. "त्याची मिजास उतरवली" असं आपण म्हणतो. शब्द एकच, पण एका भाषेत तो माणूस आतून कसा आहे ते सांगतो, आणि दुसऱ्या भाषेत तो बाहेर काय दाखवतो ते. वीस वर्षं दोन्ही भाषा शिकवूनही हे दोन अर्थ समोरासमोर ठेवून मी कधी पाहिले नव्हते. त्या गॅरेजमध्ये दोन स्टँडवर दोन गाड्या उभ्या होत्या आणि मला कळेना, मी यातली एक कोणत्या अर्थासाठी मागतोय?

आता कबुलीजबाब. मला बुलेट का हवी होती? घरी मी सांगत होतो की ती सुरक्षित आहे, वजनदार आहे, सावकाश चालते, वयाला शोभते. यातलं बरंचसं खरं आहे. पण पूर्ण खरं असं की आमच्या लहानपणी मोहल्ल्यात बुलेटचा आवाज आला की दोनच शक्यता असत: दूधवाला किंवा ठाणेदार. दूधवाला पहाटे येई. दिवसा आवाज आला की गल्लीतले पत्ते बंद होत, मुलं आत पळत. मी ओट्यावर बसून बघायचो. एका माणसाच्या येण्याने सगळी गल्ली नीट बसते, हे मला फार आवडलं होतं. पुढे मी शिक्षक झालो. वर्गात शिरलो की पोरांनी नीट बसावं असं मला आजही वाटतं. बुलेट मला शोभते ती माझ्या याच स्वभावामुळे.

रविवारी फजरची नमाज झाल्यावर उस्तादांनी बुलेट दिली. ती सुरू करणं हाच एक धडा. आधी किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा. मग डावीकडची डिकॉम्प्रेशनची छोटी दांडी ओढून किक थोडी पुढे सरकवायची. दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग हिसका न देता सगळं वजन टाकून एकच पूर्ण किक. घाई केलीत तर ती उलटा झटका देते, आणि त्या झटक्याने पायाची हाडं मोडल्याचे किस्से प्रत्येक गॅरेजमध्ये मिळतात. माझी सातव्यांदा लागली. मुलगा बाजूला उभा राहून हसत होता.

कामठी रोडला लागलो तेव्हा रस्ता मोकळा होता. वरून उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रोची रूळवाट, आणि खाली त्या खांबांमधून आमचा धबधब आवाज घुमत होता. खोटं बोलणार नाही, फार मजा आली. बुलेट तुम्हाला ढकलत नाही, वाहून नेते. कामठीपर्यंत गेलो, कन्हानचा पूल बघितला, परत फिरलो. वाटेत दोन ओळखीच्यांनी सलाम केला, एका ट्रकने बाजू दिली. माझी पाठ आपोआप ताठ झाली. सायकलवर असताना या रस्त्याने मला कधी बाजू दिली नव्हती.

आणि इंदोऱ्याच्या अलीकडे पुढची ऑटो अचानक थांबली. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. इंग्रजांच्या काळची ती रचना 1955 पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटमध्ये कितीतरी दशकं तशीच राहिली. बाकी जवळजवळ सगळ्या गाड्यांत उलटं असतं. हे मला माहीत होतं. सकाळी मी ते दोनदा घोकलंही होतं. पण ऐनवेळी घोकलेलं आठवत नाही, पायाला जी सवय असते तीच कामाला येते. ब्रेक समजून मी उजवा पाय खाली दाबला. बुलेटचा पहिला गिअर वर आणि पुढचे तीन खाली. म्हणजे थांबायच्या वेळी मी तिला वरच्या गिअरमध्ये टाकलं. हाताच्या ब्रेकने वाचलो. ऑटोच्या मागच्या पाटीपासून वीतभर अंतरावर थांबलो. ऑटोवाल्याने मागे वळून बघितलंही नाही.

मी बाजूला गाडी लावली आणि पाच मिनिटं तशीच उभी ठेवली. ज्या गाडीला महिनाभर मी "सुरक्षित" म्हणत होतो, तिने मला पहिल्याच सकाळी दाखवलं की सुरक्षितता गाडीच्या वजनात नसते.

पुढच्या रविवारी आरएक्स. हिच्याबद्दल माझ्या मनात भीतीच होती. आमच्या पिढीत प्रत्येकाच्या ओळखीत एकतरी पोरगा आहे ज्याचं नाव आरएक्सबरोबर आणि हळू आवाजात घेतलं जातं. माझ्या बी.एड.च्या वर्षी आमच्या कॉलेजात एकाकडे ती होती. तो धूर सोडत जायचा आणि मी मागून सायकलवर त्या जळक्या तेलाच्या वासात पेडल मारत जायचो. मला ती गाडी किती हवी होती हे मी घरी कधी सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

किक हाताने मारता येईल इतकी हलकी. दुसऱ्या किकमध्ये सुरू. सपाट नागपुरात वळणं आणि चढ हवा असेल तर सेमिनरी हिल्सशिवाय पर्याय नाही, म्हणून तिकडे वळलो. चढावर तिने मला चकित केलं. मी खांदा वळवण्याआधी ती वळलेली असे. मनगटात जरा बदल केला की लगेच उत्तर. गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या, सगळं सवयीच्या जागी. पंचवीस वर्षं आत दाबून ठेवलेला तो सायकलवाला पोरगा मोठ्याने हसला, हेल्मेटच्या आत.

मग फुटाळ्याकडचा उतार लागला. बुलेटवर एक्सलेटर सोडला की इंजिनच गाडीला मागे ओढतं, ब्रेकचं अर्धं काम तिथेच होतं. टू-स्ट्रोकमध्ये हा आधार फार थोडा. एक्सलेटर सोडला तरी ती आपली वाहतच राहते. मी मनगट मिटलं आणि गाडी जणू म्हणाली, मला काय सांगता, ब्रेक तुमच्याकडे आहे. ब्रेक म्हणजे तीस वर्षांपूर्वीचे ड्रम. तेव्हा मला कळलं की उस्ताद तिला "सुनती है" म्हणाले त्याची दुसरी बाजू काय आहे. जी प्रत्येक गोष्ट ऐकते ती तुमची चूकही ऐकते. बुलेट तुमचा मूर्खपणा थोडा सावकाश अमलात आणते, आरएक्स ताबडतोब.

परत आलो तेव्हा दोन गोष्टी माझ्यापुरत्या स्पष्ट होत्या. पहिली, "चांगली गाडी कोणती" हा प्रश्न निरर्थक आहे. दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत. त्याशिवाय एक 1985 ते 1996 अशी अकराच वर्षं बनली आणि दुसरी इंग्लंडातला मूळ कारखाना बंद पडूनही चालत राहिली, तरी दोन्हींवर लोक आज सारखेच जीव टाकतात, असं झालं नसतं. दुसरी, आणि हेच मला या लेखात सांगायचं आहे: आपल्या स्वभावाला शोभेल ती गाडी घेऊ नये. आपल्या स्वभावाला आवर घालेल ती घ्यावी. शोभणारी गाडी आपली मिजास वाढवते. आवर घालणारी आपला मिजाज सुधारते.

मुलाला आरएक्स हवी, कारण तो उतावळा आहे आणि आरएक्स उतावळेपणाला टाळी देते. मला बुलेट हवी, कारण मला ऐकवायला आवडतं. दोघंही आपापला दोष विकत घ्यायला निघालो होतो, बीसीच्या पैशांत.

मुलाशी माझं खरं भांडण झालं ते सायलेन्सरवरून. त्याला मूळचा काढून तो कर्कश आवाजाचा बसवायचा होता, ज्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. मी ताबडतोब म्हणालो ते आमच्या घरांत प्रत्येक बाप म्हणतो: "तू कोण आहेस, कुठल्या मोहल्ल्यात राहतोस, विसरू नकोस. तुझ्याकडे लोक दुप्पट बघतात." त्याने शांतपणे विचारलं, "अब्बू, दुसऱ्या वस्तीतली पोरं बुलेटमधून फटाके फोडत रात्री फिरतात, त्यांना त्यांचे अब्बू हेच सांगतात का?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. आमच्या एका पोराने आवाज केला तर तो पोराचा आवाज राहत नाही, सगळ्या मोहल्ल्याचा होतो. दुसरीकडे तोच आवाज "तरुणाईचा जोश" ठरतो. मार्च 2025 मध्ये आपल्या शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली होती. त्या दिवसांनंतर तर पोरगं दुधाची पिशवी आणायला गाडीवर गेलं तरी आया दारात उभ्या राहायच्या. हे न्याय्य नाही, आणि मुलाला ते न्याय्य आहे असं मी सांगणार नाही.

पण रात्रभर विचार केल्यावर मला वाटलं, चूक माझ्या दलीलीत होती. मी त्याला भीती दाखवून गप्प करत होतो. भीतीने गप्प बसलेला मुलगा भीती संपली की दुप्पट आवाज करतो. त्याला हे सांगायला हवं होतं की आपल्या गल्लीत समोरच्या घरी लकव्याचा रुग्ण आहे, मागच्या घरी पोरगी परीक्षेचा अभ्यास करते, आणि कोपऱ्यावरच्या घरात नुकतं बाळ झालंय. आवाज खाली ठेवायचा तो बघणाऱ्यांसाठी नव्हे, ऐकणाऱ्यांसाठी. सूरह लुकमानमध्ये एक बाप आपल्या मुलाला नसीहत करतो, त्यात चाल मध्यम ठेवण्याची आणि आवाज खाली ठेवण्याची गोष्ट एकाच ठिकाणी आली आहे, आणि गाढवाच्या आवाजाची उपमाही तिथेच आहे. कोण बघतंय यावर ती नसीहत अवलंबून नाही. दुसऱ्या दिवशी हे मी मुलाला सांगितलं. तो गाढवाच्या उपमेवर हसला आणि सायलेन्सरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पटलं की नाही ते अल्लाह जाणे.

आणि कायदा तर आहेच. गिअरच्या मोटरसायकलचा परवाना अठराव्या वर्षाआधी मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. हे मी शाळेच्या पालकसभेत सांगतो तेव्हा समोरचे बाप मान डोलावतात, आणि सभा संपल्यावर त्यांचीच पोरं त्यांना घ्यायला गाडी घेऊन गेटवर उभी असतात.

बेगमच्या मताला मी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि खरं तर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. नवी स्कूटी व्यवहाराने श्रेष्ठ आहे. जुन्या गाडीची पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर, सगळं आलं. टू-स्ट्रोक पेट्रोलबरोबर तेलही जाळते, धूर सोडते, आणि ज्या शहरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तिथे आणखी धूर सोडण्याचं समर्थन मी कोणत्या तोंडाने करू? एवढंच म्हणेन की मी ती रोज चालवणार नाही. आठवड्यातून दोनदा शाळेत, आणि रविवारी सकाळी. बाकी दिवस बसने. ही पळवाट आहे हे मला कळतं.

तरीही जुन्या गाडीच्या बाजूने एक मुद्दा मला मनापासून मांडावासा वाटतो. उस्ताद साठीच्या पुढे आहेत. शाळा त्यांनी चौथीत सोडली. प्लगच्या टोकाचा रंग बघून ते सांगतात की मिश्रणात पेट्रोल जास्त झालंय की हवा. काळा पडला असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी, विटकरी-तपकिरी असेल तर "तबियत ठीक है". बुलेटचा टॅपेट किती ढिला आहे ते ऐकून सांगतात. ही विद्या कुठल्या पुस्तकातून त्यांना मिळाली नाही. त्यांच्या उस्तादाने, आणि त्याच्या उस्तादाने दिली. आमच्या वस्त्यांमधल्या कितीतरी घरांची चूल या विद्येवर पेटली. आज नव्या गाडीला कॉम्प्युटर जोडून दोष बघतात, ते चांगलंच आहे. पण मी शिक्षक असून कबूल करतो की वर्गात मला जी गोष्ट क्वचित दिसते, विद्यार्थ्याने ऐकणं, ती मला या गॅरेजमध्ये रोज दिसते. उस्तादांकडे पूर्वी चार शागीर्द होते. आता एक आहे, तोही मोबाइल दुरुस्तीचा कोर्स बघतोय.

शेवटी निर्णय. आम्ही आरएक्स घेतली. मूळच्या सायलेन्सरसह, नवे टायर आणि नवे ब्रेक-शू टाकून. मुलाने हे ऐकलं तेव्हा तो उड्या मारू लागला. मग मी उरलेलं सांगितलं: ती माझ्यासाठी आहे. मला ऐकायला शिकायचंय, आणि उतारावर मनगट मिटून भागत नाही, आधीपासून पुढचं बघावं लागतं, हे मला शिकवणारी ती आहे. तू अठरा पूर्ण झाल्यावर, परवाना हातात आल्यावर बघू. तोपर्यंत रविवारी तू उस्तादांकडे जायचं.

त्याचं तोंड आठवडाभर उतरलेलं होतं. पण तो गेला. बुलेटला अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही, आणि इंजिन आखडू नये म्हणून ती आठवड्यातून एकदा सुरू करावी लागते. उस्तादांनी ते काम त्याला दिलं. चालवायची नाही, गॅरेजच्या बाहेर न्यायची नाही, फक्त स्टँडवर सुरू करायची.

पहिल्या रविवारी त्याने पंधरा-वीस किका हाणल्या, घामाघूम झाला, पाय सुजवून घरी आला. दुसऱ्या रविवारीही तेच. गेल्या रविवारी मी आरएक्सवर त्याला घ्यायला गेलो आणि लांबच थांबलो. तो काट्याकडे बघत किक हळूहळू दाबत होता. थांबला. दांडी ओढली, किक जराशी सरकवली, सोडली. उस्ताद खुर्चीत बसून चहा पीत होते, त्याच्याकडे बघतही नव्हते. मुलाने एक श्वास घेतला आणि एकच किक मारली.

धब, धब, धब. लागली.

त्याने इकडेतिकडे बघितलं नाही, कोणी बघतंय का म्हणून. गाडीवर जरा वाकला आणि ऐकत उभा राहिला.